न मोजलेला किरण

एखादा एक्स-रे किरण तुमच्या शरीरातून आरपार गेला, पण पलीकडे पोहोचल्यावर तो कुणी मोजलाच नाही, तर त्याचा हिशेब कुणी द्यायचा? प्रश्न जरा विचित्र वाटेल. पण गेले काही महिने तो माझ्या डोक्यातून जात नाहीये. तो जितका तांत्रिक आहे तितकाच नैतिक आहे, असं माझं मत झालंय. आणि त्याच्या उत्तराचा एक तुकडा चक्क एका भिंतीच्या जाडीत आहे. ही भिंत टंगस्टन धातूची असते, साधारण एखाद्या जाड केसाएवढी, आणि ती थ्रीडी प्रिंटरवर छापलेली असते.

आधी ही भिंत कशासाठी लागते ते पाहू.

आमच्याकडे अवसरी बुद्रुकला एक्स-रेला अजूनही 'फोटो' म्हणतात. "मंचरला जाऊन फोटो काढून ये," असं. शब्द सोयीचा आहे, पण तो एक गोष्ट लपवतो. साध्या फोटोत उजेड आपल्या अंगावर पडून परत फिरतो. इथे तो अंगातून जातो. शरीरात शिरलेल्या किरणांच्या नशिबी तीन गोष्टी असतात. काही आत अडतात. हाडात जास्त अडतात, म्हणून हाड पांढरं दिसतं. काही सरळ पलीकडे जातात; खरं चित्र हेच घडवतात. आणि काही आत धडकून दिशा बदलतात, भरकटतात, आणि भलत्याच कोनातून डिटेक्टरवर येऊन आदळतात. ते कुठून आले हे डिटेक्टरला कळत नाही. थंडीत पहाटे पुणे-नाशिक रस्त्यावर धुकं असताना हेडलाइट अप्पर केला की समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते, तसंच काहीसं इथे होतं. उजेड भरपूर, दिसत काहीच नाही. पोटाच्या एक्स-रेत तर सरळ आलेल्या किरणांपेक्षा भरकटलेलेच जास्त असू शकतात.

यावर उपाय शोधला बर्लिनच्या गुस्ताव बकी या डॉक्टरने, १९१३ साली. रुग्ण आणि फिल्म यांच्यामध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी ठेवायची. सरळ येणारा किरण दोन पट्ट्यांमधून निघून जातो, तिरका येणारा पट्टीवर आपटून संपतो. एक्स-रे विभागात आजही तंत्रज्ञ 'बकी स्टँड' म्हणतात, ते या माणसाचं नाव. पण या उपायाची किंमत होती. जाळी भरकटलेले किरण अडवते तसे पट्ट्यांच्या वाटेत आलेले सरळ किरणही अडवते. मग चित्र पुरेसं उमटावं म्हणून किरण वाढवावे लागतात, दुप्पट ते पाचपट, कधी त्याहूनही जास्त. चित्र स्वच्छ होतं आणि त्याचा खर्च रुग्णाचं शरीर भरतं.

मग सीटी स्कॅन आला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला. तेव्हा एक बारीक झोत आणि मोजके डिटेक्टर होते. आज रुग्णाभोवती फिरणाऱ्या कमानीत हजारो डिटेक्टर असतात, ती कमान सेकंदाला तीन-चार फेऱ्या मारते, आणि झोत रुंद झाल्यामुळे भरकटलेले किरण एकाच नव्हे तर दोन्ही दिशांनी येतात. म्हणजे नुसत्या उभ्या पट्ट्या पुरत नाहीत. चौकोनी खणांची जाळी हवी, मधाच्या पोळ्यासारखी. त्यातही प्रत्येक भिंत एक्स-रे जिथून निघतात त्या बिंदूकडे रोखलेली हवी, म्हणजे प्रत्येकीचा कोन शेजारणीपेक्षा किंचित वेगळा. आणि धातू असा हवा की पातळ असूनही किरण अडवेल. टंगस्टनची घनता शिशाच्या जवळजवळ पावणेदोन पट आहे, त्यामुळे तो इथे उत्तम. अडचण अशी, की तो ३४०० अंश सेल्सिअसच्याही वर वितळतो, म्हणून ओतकाम जवळपास अशक्य, आणि ठिसूळ असल्यामुळे मशीनवर इतका बारीक कापणंही महाकठीण. पातळ पत्रे एकेक करून खाचांत बसवायचे, ही जुनी रीत. त्यात दोन्ही दिशांच्या भिंती करणं फारच किचकट होतं.

थ्रीडी प्रिंटिंगने ही कोंडी फोडली. टंगस्टनच्या भुकटीचा केसाहून पातळ थर पसरायचा, जिथे भिंत हवी तिथेच लेझरने वितळवायचा, त्यावर दुसरा थर, पुन्हा लेझर. असे शेकडो थर, ऑक्सिजन नसलेल्या बंद पेटीत. शेवटी उरलेली भुकटी झाडून काढली की जाळी हातात येते. फिलिप्सची डनली ही शाखा शुद्ध टंगस्टनच्या अशा जाळ्या छापून देते, भिंती १०० मायक्रॉनपर्यंत पातळ. काम सोपं नाही. थंड होताना टंगस्टनला बारीक चिरा पडतात, भिंतीला भुकटीचे कण चिकटून ती खडबडीत राहते, कमान फिरताना भिंत जराशी जरी हलली तरी तिची सावली डिटेक्टरवर सरकते आणि चित्रात कडी उमटतात. पण ते जमतं.

आता एक साधं गणित करू. समजा जाळीचा एक खण भिंतीसकट १ मिलिमीटर आहे. भिंत ०.२ मिलिमीटर जाड असेल तर मोकळी जागा ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ६४ टक्के. भिंत ०.१ मिलिमीटर केली तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ८१ टक्के. रुग्णाच्या शरीरातून सरळ आरपार आलेल्या १००० किरणांपैकी जाड भिंतीची जाळी ६४० पुढे सोडते, पातळ भिंतीची ८१०. जाड भिंतीने तेवढेच ८१० मोजायचे असतील तर १२६६ किरण शरीरातून यावे लागतील. खऱ्या मशीनमध्ये डिटेक्टरच्या तुकड्यांमधली फट वगैरे बऱ्याच गोष्टी असतात, त्यामुळे आकडे बदलतात. पण हिशेबाची रीत हीच. ते जास्तीचे २६६ किरण चित्रासाठी नसतात. ते आमच्या भिंतीसाठी असतात.

हे 'आमच्या' मी मुद्दाम म्हणतोय, त्याकडे येतो. आधी एक तुलना, कारण हा प्रश्न नैतिक का आहे ते तिच्यामुळे मला कळलं.

आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर, जुन्नर तालुक्यात खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, वाय आकारात सुमारे २५ किलोमीटरवर पसरलेल्या. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी स्टॅनफर्डला पीएच.डी. केली ती रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे. या ब्रेसवेलनी १९५६ साली सूर्याच्या रेडिओ नकाशासाठी एक गणित मांडलं होतं: एखाद्या वस्तूवरून वेगवेगळ्या दिशांनी पट्ट्यापट्ट्यांची बेरीज घेतली, तर त्या बेरजांवरून मूळ चित्र परत कसं उभं करायचं. १९६७ मध्ये त्यांनी आणि रिडल यांनी त्याची संगणकाला झेपेल अशी रीत दिली. १९७१ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी एक्स-रेच्या चित्रांसाठी स्वतंत्रपणे तशीच रीत मांडली. सीटी स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'राम-लक' नावाचा फिल्टर असतो, तो या दोघांच्या नावाने. म्हणजे खोडदची दुर्बीण आणि हॉस्पिटलातला स्कॅनर गणिताच्या नात्याने भाऊबंद आहेत. दोघंही सावल्यांवरून वस्तू ओळखतात.

पण एका बाबतीत ते पार वेगळे आहेत. दूरच्या दीर्घिकेतून निघालेली लहर आपण मोजली काय, न मोजली काय, ती निघणारच होती. वाया गेली तर नुकसान आपलं, दीर्घिकेचं काहीच जात नाही. एक्स-रे मात्र आपण सोडतो, आणि तो डिटेक्टरपर्यंत पोहोचतो तो कुणाच्या तरी फुप्फुसातून, यकृतातून, एखाद्या लहान मुलाच्या डोक्यातून. पाहण्याची किंमत पाहिल्या जाणाऱ्याने भरलेली असते. म्हणून दुर्बिणीतली उधळपट्टी ही अकार्यक्षमता आहे, आणि स्कॅनरमधली उधळपट्टी ही दुसऱ्याच्या पैशाची उधळपट्टी आहे.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे: मापात पाप. मंचरच्या बाजार समितीत कांदा किंवा बटाटा विकायला गेलेला शेतकरी काट्याकडे डोळे लावून उभा असतो. गोणीमागे कडता किती धरला यावरून भांडणं होतात, आणि व्हायलाच हवीत. किलो-अर्ध्या किलोचा प्रश्न असतो, पण माल त्याचा असतो. स्कॅनच्या टेबलावर झोपलेला माणूसही काहीतरी देतच असतो. फक्त तिथला काटा त्याला दिसत नाही, आणि कडता किती कापला हे त्याला कुणी सांगत नाही.

माझ्या चुलत्यांना, आप्पांना, मी हे सगळं सांगितलं. त्यांचा दोन वर्षांपूर्वी पोटाचा सीटी झाला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, फोटो नीट आला, खडा सापडला, मी बरा झालो. तू दहा किरणं वाचवून मला काय देणार?"

आक्षेप बिनतोड वाटतो, आणि त्यात खरंच दम आहे. पोटाच्या एका सीटीत साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट रेडिएशन मिळतं. माती, आकाश, अन्न यांतून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतंच. म्हणजे एक स्कॅन हा निसर्गाच्या तीन-चार वर्षांच्या हप्त्याएवढा. आप्पांच्या वयाला आणि त्यांच्या दुखण्याला ती जोखीम अगदी किरकोळ होती आणि फायदा मोठा. डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितलेला स्कॅन रेडिएशनच्या भीतीने टाळणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

पण आप्पांच्या उत्तरातच माझं उत्तर आहे. स्कॅन करणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याला किती रेडिएशन लागलं ते दर तीन महिन्यांनी मोजलं जातं. अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, त्यापुढे नाही. सामान्य जनतेसाठी मर्यादा वर्षाला १. रुग्णासाठी? रुग्णासाठी अशी मर्यादाच नाही. आणि ती नाही यामागे कारण आहे: रुग्णाला लागणाऱ्या किरणांचा फायदा त्या रुग्णालाच मिळतो, म्हणून किती वापरायचे ते त्याच्या गरजेवरून ठरवावं, आकड्यावरून नाही. तर्क योग्य आहे. मग तो शेवटपर्यंत नेऊ. जो किरण रुग्णाच्या शरीरातून गेला आणि चित्रात कामाला आला, त्याला ही सवलत लागू. जो भिंतीवर आपटून संपला, त्याचा फायदा रुग्णाला शून्य. मग त्या किरणाला सवलत कोणत्या आधारावर? आप्पांनी संमती दिली ती चित्रासाठी. भिंतीसाठी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

अर्थात काही वाया जाणारच. शून्य जाडीची भिंत जगात नसते. म्हणून खरा नैतिक प्रश्न 'वाया का गेलं' हा नसून 'टाळता येत होतं का' हा आहे. आणि इथे थ्रीडी प्रिंटिंग गोष्ट बदलून टाकतं. जोवर पातळ भिंत बनवणं शक्य नव्हतं, तोवर जाड भिंत ही मजबुरी होती. तिला कुणी दोष देऊ शकत नव्हतं. ज्या दिवशी पातळ भिंत छापता यायला लागली, त्या दिवसापासून जाड भिंत ही निवड झाली. भिंत तीच, तेवढीच जाड, पण तिचा नैतिक दर्जा बदलला. नवं तंत्रज्ञान आपल्या हाती नवी शक्ती देतं हे आपण नेहमी ऐकतो. ते आपले जुने बहाणे काढूनही घेतं, हे फारसं कुणी बोलत नाही.

रेडिएशनच्या क्षेत्रात एक तत्त्व जगभर मानलं जातं: वाजवी प्रयत्नांत जितकं कमी करता येईल तितकं कमी ठेवा. सगळी मेख 'वाजवी' या शब्दात आहे. छापलेली टंगस्टनची जाळी महाग पडते. ती घालायची की नाही हे ठरवणारा किंमत रुपयांत मोजतो. न घातल्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो, आणि ती रुपयांत नसते. ठरवणारा एक आणि भरणारा दुसरा असेल तेव्हा 'वाजवी' हा शब्द नेहमी ठरवणाऱ्याच्या बाजूने झुकतो. आपल्याकडे वापरलेली, दुरुस्त केलेली सीटी मशीनं विकत मिळतात. ती असणं वाईट नाही. तालुक्याच्या ठिकाणी स्कॅनच नसण्यापेक्षा जुनं मशीन कितीतरी बरं. पण जुन्या डिटेक्टरला तेवढ्याच चित्रासाठी जास्त किरण लागत असतील, तर स्वस्त स्कॅनची उरलेली रक्कम कोण भरतं हे उघड आहे. पावतीवर ती कधीच छापलेली नसते.

आता 'आमच्या' या शब्दाकडे. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो. आम्ही गाड्यांचे पार्ट बनवतो, स्कॅनरचे नाही. पण मायक्रॉनची भाषा तीच. आमच्या शेजारच्या अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि तंत्रनिकेतन आहे. आसपासच्या गावांतली कित्येक मुलं शिकून याच रस्त्याने चाकण-भोसरीला येतात. गाडीच्या पार्टमध्ये चूक राहिली की ती बोलते. दार लागत नाही, आवाज येतो, जॉब परत येतो. डिटेक्टरच्या जाळीतली चूक बोलत नाही. भिंत थोडी जाड झाली, थोडी वाकडी बसली, तरी मशीन बसवताना कॅलिब्रेशन होतं, आणि सॉफ्टवेअर त्या खणाचा कमी आलेला आकडा वर ओढून शेजाऱ्यांच्या बरोबरीला आणतं. चित्र गुळगुळीत दिसतं. जे किरण हरवले ते सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. ते फक्त हरवल्याची खूण पुसतं.

म्हणजे प्रश्न असा उरतो: जी चूक कुणाला कधीच कळणार नाही, जिचा त्रास झालेल्या माणसाला त्रास झाल्याचंही कळणार नाही, ती टाळण्यासाठी आपण बांधील आहोत का? धंद्याचं साधं उत्तर आहे: टॉलरन्समध्ये बसलं की पास. मला ते अपुरं वाटतं. टॉलरन्स ही कुणीतरी दुसऱ्याच्या वतीने दिलेली मुभा असते. गाडीच्या दाराची मुभा ग्राहक देतो. त्याला आवडलं नाही तर तो बोलतो. शरीराच्या वतीने मुभा देणारा ड्रॉइंगवर कुठेच सही करत नाही. म्हणून ती जागा बनवणाऱ्यालाच भरून काढावी लागते. ज्याचं माप आपल्या हातात आहे आणि ज्याला काटा दिसत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, यावरच कामातला प्रामाणिकपणा कळतो. काटा दिसत असताना तर सगळेच नीट तोलतात.

एक इशारा मात्र स्वतःलाही द्यायला हवा. पातळ भिंतीने सगळं भागत नाही. आमच्या भागात ठिबक आलं तेव्हा पाणी वाचेल असं सगळे म्हणाले. एकरी पाणी वाचलंही, आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस उभा राहिला. स्कॅनचंही तसंच होऊ शकतं. डोस कमी झाला म्हणून 'एक करूनच टाका' असं म्हणणं सोपं होतं. जाळीने वीस टक्के वाचवले आणि स्कॅन दीडपट झाले, तर शरीरांचा एकूण खर्च वाढलाच. म्हणूनच रेडिएशनच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांत पहिला क्रमांक काटकसरीचा नाही, गरजेचा आहे: आधी हा स्कॅन हवाच का ते ठरवा, मग तो कमीत कमी किरणांत करा. गरज नसलेल्या स्कॅनमध्ये प्रत्येक किरण मोजला गेला तरी प्रत्येक किरण वायाच गेलेला असतो. तिथे भिंत बनवणाऱ्याची जबाबदारी संपते आणि डॉक्टरची, आणि 'सगळंच एकदा चेक करून टाकू' म्हणणाऱ्या आपली, सुरू होते. एकाची जबाबदारी दुसऱ्याच्या चांगुलपणाने फिटत नाही.

नव्या पिढीचे स्कॅनर आता किरण अक्षरशः एकेक करून मोजतात. कॅडमियम टेल्युराइडच्या स्फटिकावर आदळलेल्या प्रत्येक किरणाची वेगळी नोंद होते, त्याच्या ऊर्जेसकट. सीमेन्सच्या अशा पहिल्या मशीनला २०२१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यातले खण आणखी लहान, म्हणून भिंतीच्या जाडीचा प्रश्न तिथे आणखी टोकदार होतो. मोजणं इतकं बारीक झालं की न मोजलेल्याचंही मोल वाढतं.

आणि ज्यांना भिंती बनवायच्या नाहीत, फक्त कधीतरी त्या टेबलावर झोपायचं आहे, त्यांच्यासाठी. सीटीच्या सीडीत किंवा मोबाइलवर आलेल्या चित्रांत बहुतेक वेळा शेवटी आकड्यांचं एक पान असतं. त्यावर 'डीएलपी' असं लिहिलेलं असतं. पोटाच्या स्कॅनचा तो आकडा ६०० असेल तर त्याला ०.०१५ ने गुणा. साधारण ९ मिलिसिव्हर्ट येतात. हा आकडा घाबरण्यासाठी नाही आणि डॉक्टरशी भांडण्यासाठीही नाही. तो जपून ठेवा, पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरला जुन्या चित्रांसोबत दाखवा, म्हणजे तोच स्कॅन उगाच पुन्हा व्हायला नको. आप्पांचं ते पान मी परवा शोधून काढलं आणि त्यांच्या फायलीत पहिल्या पानावर लावलं. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि विचारलं, "यात कडता किती?"

ते त्या पानावर लिहिलेलं नसतं.